जागल

हरभऱ्याला पाणी मोजून द्यावं लागतं. गहू पितो तसं तो पीत नाही. जास्त झालं की चार दिवसांत पिवळा पडायला लागतो, आणि एकदा मूळ सडलं की मग काहीही फवारा, उपयोग नाही. हे मला पाठ आहे. सात एकर वावर आहे, शिवाय फाट्यावर कृषी केंद्र आहे. दिवसभर काउंटरमागे उभा राहून मी लोकांना हेच सांगत असतो.

तरी 2022 च्या डिसेंबरात एका रात्री माझ्या मोटरीचं पाणी साडेबारापासून अडीचपर्यंत काकाजींच्या हरभऱ्यात जात राहिलं. मी तिथून पंधरा पावलांवर, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोत्याची घडी टाकून बसलो होतो. जागा होतो. मोबाईलमध्ये एक माणूस चिखलात रुतलेला ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून काढत होता. तो निघाला. मग एका बाईनं टेबलाएवढी रोटी तव्यावर टाकली. मग कुणीतरी विहिरीत पडलेलं बिबट्याचं पिल्लू वर काढलं. मग परत ट्रॅक्टर, वेगळा. चपलेत गार लागलं तेव्हा खाली पाहिलं, तर धुरा एका जागी फुटला होता आणि पाणी निवांत खालच्या अंगाला निघालं होतं, मोबाईलच्या उजेडात चकाकत.

काकाजी माझे कोणी लागत नाहीत. धुऱ्याचे शेजारी, सत्तरीचे, सगळं गाव त्यांना काकाजी म्हणतं. आठवडाभरानं पिवळेपण दिसायला लागलं तेव्हा ते आले. भांडण होणार म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी वाकून एक झाड उपटलं, मूळ पाहिलं, चिखल झटकला आणि म्हणाले, "डोळा लागला असन तुह्या. जागलीत लागते."

"हो काकाजी, डोळाच लागला," मी म्हणालो.

पाऊण एकर गेला. मी पैसे देऊ केले, त्यांनी निम्मेच घेतले. तो हिशेब तिथं मिटला, हा नाही मिटला. झोप ही आमच्याकडे माफ असलेली गोष्ट आहे. दिवसभर राबलेला माणूस, थंडीची रात्र, डोळा लागला. कोण काय बोलणार? मी त्या माफीत जाऊन लपलो.

जागल म्हणजे पिकाची रात्रीची राखण. रानडुकरं आणि रोही (म्हणजे नीलगाय, पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगतो) एका रात्रीत वावर साफ करतात. त्यात पंपाची थ्री फेज लाईन आळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की ओलित आणि राखण एकदमच होते. बाबांच्या काळी जागलीत करमणूक म्हणजे शेकोटी, बिडी आणि हाक. एका मचाणावरून "होऽऽ" निघाली की शेजारच्या वावरातून उत्तर यायचं, मग त्याच्या पलीकडून. हाक डुकरांसाठी, पण डुकरांचं निमित्त. ती शिवारभर फिरून यायची आणि कोण जागं आहे, कोण झोपलं, कोण पिऊन पडलं, हे सगळ्यांना कळायचं.

2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं. त्याआधी एक जीबी आम्ही महिनाभर पुरवायचो, गोडेतेलासारखा. मग दिवसाला एक जीबी मिळायला लागला. हे 'दिवसाला' प्रकरण शेतकऱ्याला फार महागात पडलं असं माझं मत आहे. दिवसाचा डेटा रात्री बाराला संपतो, उरला तर गेला. आता मला सांगा, ज्या माणसानं आयुष्यात थैलीच्या तळाशी राहिलेलं मूठभर बियाणं कधी फेकलं नाही, तो अर्धा जीबी वाया जाऊ देईल? पावणेबाराला मी उरलेला संपवायला बसायचो. बारा वाजले की नवा सुरू व्हायचा.

सुरुवातीला त्यात काही वावगं वाटलं नाही. जागायचंच आहे, तर काहीतरी पाहत जागावं. शेकोटीला काड्या लागतात, याला लागत नाहीत. आणि हरभरा निघाला की फेब्रुवारी-मार्चमध्ये जागल संपते.

माझी संपली नाही. मे महिन्यात वावरात राखायला एक काडी नसते, तेव्हाही मी गच्चीवर खाट टाकून रात्री दोन-अडीचपर्यंत जागाच. सकाळी दुकान उघडायचं ते डोळे चोळत. एकदा कपाशीवरच्या माव्यासाठी औषध मागायला आलेल्या माणसाला मी तणनाशकाची बाटली काढून दिली. त्यानंच लेबल वाचलं म्हणून त्याची कपाशी वाचली. बाटली परत सरकवत तो म्हणाला, "भाऊ, तब्येत बरी हाय ना?" मी म्हणालो, रात्रीची लाईन होती. त्या आठवड्यात लाईन दिवसाची होती.

आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं नोव्हेंबर 2022 मध्ये ठराव केला होता, की अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल नाही. टीव्हीवाले येऊन गेले. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचीही बातमी फिरत होती. तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद. या दोन्ही बातम्या आमच्या गावात कशावरून आल्या? व्हॉट्सॲपवरून. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्याकडेही विषय निघाला. मी उजवा हात वर करून पाठिंबा दिला. डाव्या हातात काय होतं ते सांगायला नको. मागून एक म्हातारी म्हणाली, "पोट्ट्यायचं झालं. हे घोडे कोन बांधनार?" लोक हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

बंदी हा शब्द विदर्भाला नवा नाही. वर्धा जिल्हा 1974 पासून दारूबंदीत, गडचिरोली 1993 पासून, चंद्रपूर 2015 ते 2021. बायांनी रस्त्यावर उतरून मिळवलेल्या बंद्याही यात आहेत, हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. पण दारूशिवाय माझं दुकान चालतं. मोबाईलशिवाय चालत नाही. कंपनीचा दर त्यावर येतो, बाजार समितीचा भाव त्यावर येतो, विम्याचा फॉर्म त्यावर, आणि ई-पीक पाहणीसाठी तर शासनच सांगतं, वावरात उभं राहा आणि मोबाईलमधून पिकाचा फोटो टाका. म्हणजे अख्खं दारूचं दुकान खिशात घेऊन फिरायचं आणि त्यातला फक्त सोडा प्यायचा.

मी दवाखान्यात कसा पोचलो हे सांगताना मला अजून हसू येतं. 2023 चा मे, रात्रीचा दीड. रीलमध्येच कुणीतरी मोबाईलच्या व्यसनाबद्दल बोलत होतं, त्यावरून शोधत शोधत गेलो. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत 2014 पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिकच आहे, त्याला शट क्लिनिक म्हणतात, हे तेव्हा कळलं. बेंगळुरू आमच्यासाठी चंद्र. पण वाचता वाचता एक नंबर सापडला, 14416. टेली-मानस, मनाच्या तक्रारींसाठी 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली सरकारची मोफत सेवा, चोवीस तास, मराठीतही बोलतात. लावला. मोबाईलवरून मोबाईलची तक्रार करायला. साप चावल्यावर सापालाच वैद्याकडे धाडावं तसं.

पलीकडच्या माणसानं व्यसनाचं काही विचारलं नाही. विचारलं, "आत्ता झोप येतेय का तुम्हाला?" मी म्हणालो, येतेय. "मग जागे कशासाठी आहात?" मला उत्तर आलं नाही. त्यांनी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात जायला सांगितलं.

आमच्याकडे मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की लोक थेट नागपूर गाठतात. "नागपूरले न्या लागते काय याले?" म्हणजे तिथलं मनोरुग्णालय. म्हणून मी घरी सांगितलं, डीलरकडे चाललो. दोन खेपा खोटं बोलून गेलो. बाहेर बाकावर माझ्या बाजूला एक पोरगा बसायचा, पंचविशीचा. ऑनलाइन रमीत त्यानं बापाच्या पीककर्जाचे पैसे घालवले होते. त्याच्या आजाराला पुस्तकात नाव आहे, जुगाराचं व्यसन. गेल्या वर्षी, 2025 च्या ऑगस्टमध्ये, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाही आला.

माझ्या आजाराला नाव नाही. हे मला मॅडमनीच सांगितलं. मॅडम म्हणजे तिथल्या सायकॉलॉजिस्ट, बोलण्यावरून अकोल्याकडच्या, माझ्या पोरीपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. म्हणाल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, 2022 पासून लागू झालेल्या, गेमिंगचा विकार आहे. रील पाहण्याचा नाही. "त्यामुळे मी तुमच्या कागदावर व्यसन लिहिणार नाही. पण त्या विकाराच्या तीन खुणा पाहा. हातात राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी तेच येतं, आणि नुकसान दिसत असूनही थांबत नाही. यातल्या किती लागू होतात?" मला काकाजींचा हरभरा दिसला. मी तो पहिल्यांदा त्यांना सांगितला, डोळ्याच्या खोट्यासकट.

त्यांनी दोन कागद भरून घेतले. एक वीस प्रश्नांचा, इंटरनेटबद्दल. अमेरिकेतल्या किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नव्वदच्या दशकात केलेला. दुसरा नऊ प्रश्नांचा, त्यात मोबाईलचा शब्दही नाही. झोप, भूक, थकवा, कशात मन लागतं का. शेवटचा प्रश्न, आपण नसलो तर बरं असं वाटतं का. तो विचारताना मॅडमनी पेन खाली ठेवलं. यवतमाळच्या शेतकऱ्याला हा प्रश्न नुसता कागदावर टिक करून चालत नाही हे त्यांना माहीत असणार. मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा, वेगळ्या शब्दांत विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो, आणि ते खरं होतं. मग सहज विचारल्यासारखं, "दुकानातल्या औषधाच्या कपाटाची चावी कोणाकडे असते?" माझ्याकडे. "काही दिवस वहिनींकडे राहू द्या." त्या कागदावर माझे सत्तावीसपैकी अकरा झाले. मध्यम उदासी, असं त्याला म्हणतात. इतके दिवस मी त्याला नेटवर्क समजत होतो.

गोळ्या नकोत, आधी बघू, असं डॉक्टरांचं आणि मॅडमचं ठरलं. आणि मला काम दिलं वहीचं. मोबाईल कमी करायचा नाही, फक्त लिहायचं. किती वाजता हातात घेतला, कुठं, किती वेळ, आणि घेण्याच्या एक मिनिट आधी काय चाललं होतं. नवी वही घ्यायचा कंटाळा म्हणून मी उधारीच्या वहीच्या मागच्या पानापासून सुरू केलं. पुढून उधारी, मागून मोबाईल. त्यातलं काही असंच उतरवतो.

सकाळी 6. संडास. सवय. 20 मिनिटं.
दुपारी 3. दुकान. गिऱ्हाईक नाही. 35 मिनिटं.
रात्री 10.50. खाट. उधारीची बेरीज केली होती. 1 तास 40.
रात्री 11.20. गच्ची. आभाळ भरून आलं होतं, आलं नाही. 2 तास.
रात्री 9.30. ओसरी. पोरीनं फोन उचलला नाही. 50 मिनिटं.
रात्री 11. खाट. उधारी. 1 तास 15.

पंधरा दिवसांनी मॅडमनी वही पाहिली. मला वाटलं, तासांची बेरीज करतील. त्यांनी लाल पेननं फक्त 'उधारी' या शब्दाला गोल केले. नऊ झाले. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मोबाईल पाहत नाही. उधारी दिसू नये म्हणून काहीतरी पाहताय." आणि वही उलटी करून पुढची बाजू उघडली. त्या दिवशीचा पाऊण तास आम्ही मोबाईलचं नावही काढलं नाही. कोणाकडे किती अडकलेत, कोण देणार, कोणाचं सोडून द्यावं लागणार. अशी यादी मी चार वर्षांत केली नव्हती. समुपदेशन म्हणजे पंख्याखाली बसून चांगल्या चांगल्या गोष्टी ऐकायच्या, अशी माझी समजूत होती. तिथून मी तीन वसुल्या आणि एक माफी ठरवून उठलो.

मोबाईलच्या बाजूचीही कामं होती, पण ती साधी आहेत. सूचना बंद. ग्रुप मुके. चार्जर झोपायच्या खोलीतून ओसरीवर. स्क्रीन काळी-पांढरी करायची एक सेटिंग असते, ती करून पाहिली. पऱ्हाटी राखाडी, ट्रॅक्टर राखाडी, कापूस तेवढा जसाच्या तसा. तिचा फार उपयोग झाला नाही. बटनाचा फोन जागलीला न्यायचा, त्यात बॅटरी चांगली असते, म्हणजे टॉर्च. त्याचा खूप झाला. दुकानात अडचण होती, लोक पैसे मोबाईलवर टाकतात, मग दर वेळी पाहायला घ्यावाच लागतो. तर तो बोलणारा डबा लावला, पैसे आल्याचं सांगणारा. माझ्या दुकानात आता सगळ्यांत जास्त तोच बोलतो.

सगळ्यांत अवघड होती ती हुक्की. रात्री अकराला हात आपोआप उशाशी जातो, तिथं मोबाईल नसतो, आणि अंगात काहीतरी चढायला लागतं. मॅडम म्हणाल्या, ती लाटेसारखी असते, चढते, टोकाला जाते, उतरते. तिच्याशी भांडायचं नाही, पाहत राहायचं. अशीच शिकवण्याची पद्धत आहे म्हणे, ॲलन मार्लॅट नावाच्या मानसशास्त्रज्ञाची, दारू-सिगारेटच्या लोकांसाठी निघालेली. मी म्हणालो, मॅडम, मी समुद्र टीव्हीतच पाहिला. त्या हसल्या. "मग तुमच्याकडे काय असतं?" रपटा असतो, म्हणजे पुरात बुडणारा ठेंगणा पूल. अडाण नदीला, नाहीतर मधल्या नाल्याला पूर येतो, एसटी थांबते, माणसं उतरून काठावर बसतात. घाई करून जो पाण्यात घालतो तो वाहतो. बाकीचे तंबाखू मळतात. तासाभरात रपट्याचे दगड दिसायला लागतात. "तेच," मॅडम म्हणाल्या, "तंबाखू सोडून." पहिल्या रात्री मी घड्याळ लावून काठावर बसलो. वीस मिनिटं लागली दगड दिसायला.

का खेचतं हेही त्यांनी सांगितलं. स्किनर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर कबूतर पोटापुरती मारतं. कधी मिळेल कधी नाही असं केलं, तर मारतच सुटतं. रीलचं तसंच, दहातली एक मजेची निघते, कोणती ते माहीत नसतं. हे ऐकताना माझ्या डोक्यात वेगळंच आलं. कोरडवाहू शेती दुसरं काय आहे? जूनमध्ये पेरलं, पाऊस गेला, मोडलं, दुबार पेरलं. यंदा नाही, पुढच्या वर्षी लागेल. ज्याच्या तीन पिढ्या दुबार पेरणीत गेल्या, त्याला पुढची रील बरी निघेल ही आशा कोणी शिकवावी लागत नाही. कंपन्यांनी आयतं नांगरलेलं वावर घेतलं.

आणि त्या वावराला धुरा नाही. पूर्वी इंटरनेटचं पान खाली संपायचं, पुढचं पान दाबावं लागायचं. 2006 मध्ये ॲझा रास्किन नावाच्या माणसानं न संपणारं पान काढलं, बोट फिरवत राहा, येत राहतं. त्याला नंतर त्याचा पस्तावा झाला, असं त्यानं स्वतःच सांगितलंय. आम्ही डवरा, म्हणजे कोळपं, हाकतो तेव्हा तास, म्हणजे पिकाची ओळ, संपतो, धुरा येतो, बैल वळतो. वळताना माणूस पाणी पितो, आभाळाकडे पाहतो, किती झालं किती राहिलं ते मोजतो. बैलाला धुराच दाखवला नाही तर तो मरेपर्यंत चालेल. मॅडमनी मला जे करायला लावलं त्यातलं निम्मं म्हणजे मोबाईलमध्ये धुरे घालणं होतं.

तिसऱ्या खेपेला घरी खरं सांगावं लागलं, कारण मॅडमनी बायकोला बोलावलं. तिचं एसटीचं अर्धं तिकीट, माझं पूर्ण. जाताना तिनं त्यावरूनच सुरुवात केली, की डीलरकडे बरे चकरा मारत होते. मला वाटलं होतं, आत गेल्यावर ती माझी गाऱ्हाणी सांगेल. सांगितली. मग म्हणाली, "यायले तुम्ही भेटल्या. मले कोन?" ती रात्री दहाला भांडी आवरून मोबाईल घेऊन बसते. कीर्तन पाहते, रांगोळ्या पाहते, कुणाचं तरी सीमंत पाहते. पहाटे पाचपासूनच्या दिवसात तिला बसायला मिळालेला तो पहिला तास. तो मोबाईलचा म्हणायचा की तिचा? मॅडम घाईनं बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "त्यांचा मोबाईल कमी करायचा असेल तर तो तास दुपारी त्यांना कोण देईल?" परत येताना एसटीत आम्ही दोघं बोललो नाही. आता दुपारी दोन ते तीन दुकानात ती नसते आणि घरातही कोणी तिला हाक मारत नाही. तिचा रात्रीचा मोबाईल कमी झाला का? थोडा. मी मोजत नाही, माझी हिंमत नाही.

घसरलोही. 2024 ची दिवाळी. सोयाबीनचा हमीभाव 4,892 आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. ज्यांनी सोयाबीन निघाल्यावर देतो म्हटलं होतं ते दुकानासमोरून मान खाली घालून जायला लागले. ओसरीवरून चार्जर परत उशाशी आला. नऊ रात्री. नवव्या दिवशी मी मॅडमकडे गेलो ते शाळेत गृहपाठ न करता जावं तसा. त्यांनी वही मागितली. लिहिलेली नव्हती. त्यांनी नऊ रात्रींच्या नऊ ओळी माझ्याकडून तिथंच लिहून घेतल्या, आणि मागची सगळी पानं चाळून म्हणाल्या, "गेल्या वर्षी असं झालं तेव्हा किती रात्री गेल्या होत्या?" गेल्या वर्षी मोजदादच नव्हती. "आणि यंदा कोणी सांगायच्या आधी तुम्हीच आलात." एवढंच. औषधाच्या कपाटाची चावी पुन्हा काही दिवस बायकोकडे गेली. ती तिनं अजून परत दिलेली नाही आणि मीही मागितलेली नाही.

त्या डिसेंबरात हरभरा उभा होता. रात्रीची लाईन आली. मी बटनाचा फोन, थर्मास आणि फावडं घेऊन गेलो. एक सांगतो, मोबाईलशिवाय जागल फार लांब असते. साडेदहाला आलेला माणूस दीड वाजले असतील असं समजून घड्याळ पाहतो तर अकरा वाजून दहा मिनिटं. पाणी चालल्याचा आवाज असतो, तो मी कित्येक वर्षं ऐकलाच नव्हता. कोरड्या सरीत शिरताना एक, भरलेल्या सरीतून जाताना दुसरा. धुरा कुठं दबतोय ते कानाला कळतं.

काकाजींच्या वावरात, पलीकडच्या मचाणावर, उजेड होता. निळसर, हलता. पोराचा जुना मोबाईल त्यांच्याकडे आल्याचं मला माहीत होतं. चौफेर पाहिलं तर शिवारात असे पाच-सहा उजेड. कोणाचाच आवाज नाही.

मी हाक दिली. "होऽऽ." लाजत दिली, गळा फाटका निघाला. काही नाही. दुसरी दिली. नाल्याकडून काहीतरी जड पळून गेल्यासारखं वाजलं. तिसऱ्या हाकेला मचाणावरचा उजेड विझला.

"काय झालं बे? साप निंगला काय?"

"नाही काकाजी. असंच."

थोडा वेळ गेला. मग ते बॅटरी मारत सरी ओलांडून आले, माझ्या पोत्याच्या दुसऱ्या टोकावर बसले. मी चहा ओतला. आणि तेवढ्यात, म्हणजे कप त्यांच्या हातात द्यायच्या आधीच, बोलून टाकलं, की दोन वर्षांपूर्वी त्या रात्री डोळा लागला नव्हता.

"मालूम हाय," काकाजी म्हणाले. "उजेड दिसे ना तुह्या मोबाईलचा. रातभर दिसे. म्हनूनच तं म्या उतरून पाह्यलं नाही. म्हनलं, भाऊ जागा हाय."

त्यांनी चहा संपवला, कप उपडा करून झटकला.

"तिकडे पाय," ते म्हणाले, "तुही चौथी सरी भरली."

मी फावडं घेऊन उठलो.